तत्त्वे २४, २५, २८ की ३६? एकदा झाडा मांडून पाहू

प्रश्न असा आहे: ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात छत्तीस तत्त्वे (सृष्टी आणि देह ज्यांचे बनलेले मानतात ते मूळ घटक) येतात, सांख्यशास्त्र पंचवीस सांगते, दासबोधातही पंचवीसच आहेत पण नावे जुळत नाहीत, भागवतात अठ्ठावीस आहेत आणि काश्मीर शैव ग्रंथांत पुन्हा छत्तीस. यातली खरी यादी कोणती, आणि ती लक्षात कशी ठेवायची?

आधी एक सवय सोडावी लागेल. आकडा आकड्याशी ताडून पाहू नका. तत्त्वांच्या बाबतीत आकडा फार फसवतो. ज्ञानेश्वरीतली छत्तीस आणि काश्मीर शैवांची छत्तीस यांचा आकडा एक, पण त्यातली बारा नावे पूर्ण निराळी. उलट भागवतातली अठ्ठावीस आणि सांख्याची पंचवीस यांत आकडा वेगळा, पण यादी जवळजवळ तीच. समर्थ रामदासांचा यासाठी एक नेमका शब्द आहे, तत्त्वझाडा. झाडा म्हणजे हिशेबाचा खुलासा: कोणत्या खात्यावर काय पडले आणि ते कुठून आले. तोच मांडायचा.

पायाची यादी म्हणून सांख्याची पंचवीस घ्या. बाकी सगळ्या याद्या तिच्यात भर घालून किंवा वजाबाकी करून वाचता येतात. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेची तिसरी कारिका पाठ असली की पुरते: 'मूलप्रकृतिरविकृतिर्महदाद्याः प्रकृतिविकृतयः सप्त । षोडशकस्तु विकारो न प्रकृतिर्न विकृतिः पुरुषः ॥' यात चार कप्पे आहेत. जे दुसऱ्याला जन्म देते पण स्वतः कशातून निघालेले नाही, ते एक: मूलप्रकृती. जे निघालेलेही आहे आणि पुढे काढतेही, ते सात: महत् म्हणजे बुद्धी, अहंकार आणि पाच तन्मात्रे (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म रूपे). जे निघाले पण पुढे नवे तत्त्व देत नाही, ते सोळा: मन, पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच महाभूते. आणि जो या दोन्हीत नाही तो पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, एक. एक, सात, सोळा, एक. बेरीज पंचवीस.

पाठांतराला पाचांच्या चार ओळी सोप्या पडतात (भूते, तन्मात्रे, ज्ञानेंद्रिये, कर्मेंद्रिये, मिळून वीस, वर मन, अहंकार, बुद्धी, प्रकृती, पुरुष). पण समजायला कारिकेचे कप्पेच घ्यावेत, कारण त्यांत 'कशातून काय' हे कळते. पाचांच्या ओळीत ते हरवते आणि तन्मात्रे व ज्ञानेंद्रिये शेजारी शेजारी आली की एकातून दुसरे निघाले असे वाटू लागते. तसे काही नाही. दोन्ही अहंकाराच्या वेगवेगळ्या फांद्या आहेत.

इथे हमखास विचारला जाणारा एक प्रश्न: घडा, झाड, गाय ही पृथ्वीपासूनच होतात ना? मग पृथ्वी 'पुढे काढत नाही' असे कसे? वाचस्पती मिश्रांनी तत्त्वकौमुदी या कारिकांवरच्या टीकेत याचे उत्तर दिले आहे. घडा पृथ्वीइतकाच स्थूल, आणि पृथ्वी जशी इंद्रियांना कळते तसाच तोही कळतो. जात बदलली नाही, म्हणून तत्त्व नवे धरायचे नाही. तन्मात्रातून भूत निघते तेव्हा जात बदलते: जे इंद्रियांना कळत नव्हते ते कळू लागते. ही कसोटी हाताशी ठेवा. कोणत्या यादीत एखादे नाव का आले किंवा का गळले, हे बहुतेक वेळा तिच्यावरूनच उलगडते.

आता अहंकाराच्या फांद्या. पंचविसावी कारिका सांगते की सात्त्विक अहंकारातून अकरा निघतात, म्हणजे मन आणि दहाही इंद्रिये, तामसातून तन्मात्रे, आणि राजस या दोघांनाही चालना देतो, त्याची स्वतंत्र संतती नाही. वहीत मात्र बहुतेकजण 'सात्त्विकातून ज्ञानेंद्रिये, राजसातून कर्मेंद्रिये, तामसातून भूते' असे लिहितात आणि वर शीर्षक देतात सांख्य. तीन गुणांना तीन वाटे, दिसायला नीटनेटके, म्हणून ते डोक्यात बसते. पण कारिकेत ते नाही. ही छटा वेदान्तातली, आणि तीही अर्धवट उचललेली. पंचदशी या वेदान्तग्रंथात मांडणी अशी आहे: पाच भूतांचे सत्त्वांश एकेकटे घेतले की त्यांतून पाच ज्ञानेंद्रिये, सगळे एकत्र घेतले की अंतःकरण, रजोंश एकेकटे घेतले की कर्मेंद्रिये, एकत्र घेतले की प्राण. म्हणजे तिथे इंद्रिये भूतांतून येतात, सांख्यात अहंकारातून. हा फरक लहान नाही. सांख्याच्या झाडात भूतापासून इंद्रियाकडे बाण काढला की पुढचे सगळे चुकते.

पंचवीसमध्ये आणखी तीन गोष्टी चुकून घुसतात.

पहिली, सत्त्व-रज-तम. सांख्यातला गुण म्हणजे गुळाचा गोडवा हा गुळाचा गुण, तसला गुण नव्हे. गुण म्हणजे दोरीचा पेड. तिपेडी वेणीतले तिन्ही पेड काढले तर वेणी उरत नाही; वेणी आणि तीन पेड अशा चार वस्तू कुणी मोजत नाही. तसेच प्रकृती आणि तीन गुण मिळून चार होत नाहीत. (वैशेषिक दर्शनातले चोवीस गुण हा मात्र गोडव्यासारखाच प्रकार. रूप, रस, गंध, संख्या, परिमाण वगैरे. तिथे गुण द्रव्यावर राहतो. एकाच परीक्षेत दोन्ही 'गुण' येतात तेव्हा आधी कोणत्या दर्शनाचा प्रश्न आहे ते पाहावे.)

दुसरी, प्राण. सांख्यात पंचप्राण वेगळे तत्त्व नाहीत. एकोणतिसाव्या कारिकेप्रमाणे ती अंतःकरणाची सामाईक वृत्ती आहे. तिसरी, चित्त. सांख्यात अंतःकरण तीनच: बुद्धी, अहंकार, मन. वेदान्तात चित्त धरून चार होतात. आणि आपल्या मराठी संतपरंपरेत 'अंतःकरण' हे नावही एका घटकाला देऊन पाच.

ही पाच कशाला? त्याचे उत्तर दासबोधाच्या सतराव्या दशकातल्या तत्त्वनिरूपणात आहे. तिथे सूक्ष्म देहाचा पाच गुणिले पाच असा चौकोन मांडायचा असतो: अंतःकरणपंचक, प्राणपंचक, ज्ञानेंद्रियपंचक, कर्मेंद्रियपंचक, विषयपंचक. प्रत्येक पंचकातला एकेक घटक एकेका भूताच्या वाट्याला जातो. आकाशाच्या ओळीत अंतःकरण, व्यान, कान, वाणी, शब्द. वायूच्या ओळीत मन, समान, त्वचा, हात, स्पर्श. आणि असेच खाली. चौकोन भरायचा तर अंतःकरणे पाचच लागतात. बेरीज पंचवीस होते, आणि वाचणारा म्हणतो, 'हीच ती सांख्याची पंचवीस.'

ताळा करून पाहा. दोन्ही याद्या शेजारी लिहा आणि सारखी नावे खोडत जा. दहा इंद्रिये, मन, बुद्धी, अहंकार आणि शब्दादी पाच, अशी अठरा खोडली जातात. सांख्याकडे उरतात पाच महाभूते, प्रकृती आणि पुरुष. दासबोधाकडे उरतात पाच प्राण, अंतःकरण आणि चित्त. दोन्हीकडे सात-सात, म्हणून आकडा जुळला. आणि खोडलेली अठरा कोणती? सांख्याचे जे लिंगशरीर, एका देहातून दुसऱ्या देहात जाणारे, ते नेमके याच अठरांचे: बुद्धी, अहंकार, अकरा इंद्रिये, पाच तन्मात्रे. समर्थ सूक्ष्म देहाची यादी देत आहेत, साऱ्या सृष्टीची नव्हे, म्हणून सामाईक भाग तेवढाच निघतो. वेदान्ताचे सूक्ष्म शरीर मात्र सतरांचे: दहा इंद्रिये, पाच प्राण, मन, बुद्धी. तिथे तन्मात्रे गेली, प्राण आले, आणि अहंकार व चित्त मन-बुद्धीतच धरले.

दासबोधात याच्याबरोबर स्थूल देहाचीही पंचवीस आहेत, तीही यात मिसळू नयेत. पृथ्वीचे अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम. आपाचे शुक्र, शोणित, लाळ, मूत्र, स्वेद. तेजाचे क्षुधा, तृषा, आलस्य, निद्रा, मैथुन. वायूचे चळण, वळण, प्रसरण, निरोध, आकुंचन. आकाशाचे काम, क्रोध, शोक, मोह, भय. नुसती 'पंचवीस तत्त्वे' असे कीर्तनात किंवा प्रवचनात ऐकले, तर या तीनपैकी कोणती, हे पुढच्या एक-दोन नावांवरून ओळखता येते. प्राण आले की सूक्ष्म देह, रोम-अस्थी आली की स्थूल देह, प्रकृती-पुरुष आले की सांख्य.

अठरा नावे खोडताना मी एक सवलत घेतली, ती उघड करतो. सांख्यातला 'शब्द' हे तन्मात्र आहे, कानाला ऐकू येणारा शब्द नव्हे. दासबोधातला शब्द हा विषय आहे. नाव एक, पातळी वेगळी. गीतेच्या तेराव्या अध्यायात हीच मेख आहे. 'महाभूतान्यहङ्कारो बुद्धिरव्यक्तमेव च । इन्द्रियाणि दशैकं च पञ्च चेन्द्रियगोचराः ॥' यात पाच, तीन, अकरा आणि पाच मिळून चोवीस. तन्मात्रे कुठे गेली, असे वाटते. शंकराचार्यांच्या भाष्यात महाभूते म्हणजे इथे सूक्ष्म भूते, आणि इंद्रियगोचर म्हणजे शब्दादी विषय. म्हणजे खुर्च्या तेवढ्याच, पाट्या बदलल्या. हीच सांख्यांची चोवीस, असेही भाष्य तिथेच सांगते.

आता ज्ञानेश्वरी. गीतेच्या त्या चोवीसांपुढे पुढच्या श्लोकातले इच्छा, द्वेष, सुख, दुःख, संघात, चेतना, धृती हे सात येतात, झाले एकतीस. मग छत्तीस कसे? ज्ञानेश्वर 'विषयांचा दशकु' म्हणतात. गीतेने विषय पाच सांगितले. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेंद्रियांचे पाच धरले आणि कर्मेंद्रियांचेही पाच धरले: बोलणे, देणेघेणे, चालणे, आणि मलमूत्राचे दोन उत्सर्ग. तिथे पाचांची भर पडते. एकतीस आणि पाच, छत्तीस.

आणि काश्मीर शैवांची? तिथे प्रकृतीपासून पृथ्वीपर्यंत तीच चोवीस. वर पुरुष. त्याच्यावर माया आणि तिचे पाच कंचुक: कला, विद्या, राग, काल, नियती. हे कंचुक म्हणजे अंगरखे. शिवाचे सर्वकर्तृत्व कलेने आखडते, सर्वज्ञता विद्येने, पूर्णता रागाने, नित्यता कालाने, व्यापकता नियतीने. आणि सगळ्यांच्या वर शुद्धविद्या, ईश्वर, सदाशिव, शक्ती, शिव. एक, सहा आणि पाच मिळून बारा. म्हणजे दोन्ही याद्यांत चोवीस सामाईक आणि बारा जादा. ज्ञानेश्वरी ती बारा खाली, देहाच्या व्यवहारात वाढवते. शैव ती वर, शिवापर्यंत चढवतात. ज्ञानेश्वरीचा विषय तिथे 'क्षेत्र' म्हणजे देह आहे, म्हणून तिच्या छत्तीसांत पुरुष नाहीच. तो क्षेत्रज्ञ, म्हणजे क्षेत्र जाणणारा, म्हणून बाहेर उभा आहे. अमृतानुभवात शिवसूत्रांचा उल्लेख येतो म्हणून ज्ञानेश्वरीतली छत्तीसही शैवांचीच असणार, असा तर्क लोक लढवतात. शैव विचारांचा संबंध जरूर अभ्यासावा, पण हा पुरावा त्यासाठी चालत नाही. यादीच वेगळी आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधाच्या बाविसाव्या अध्यायात तर उद्धव कृष्णाला हाच प्रश्न विचारतो. तुम्ही नऊ, अकरा, पाच आणि तीन अशी अठ्ठावीस सांगितलीत. कुणी सव्वीस म्हणतात, कुणी पंचवीस, सात, नऊ, सहा, चार, अकरा, सतरा, सोळा, तेरा. हे काय? एकनाथांनी शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेत हा भाग सविस्तर आहे. मराठीतून वाचायचा तर तिथे वाचावा. कृष्णाचे उत्तर असे की तत्त्वे एकमेकांत शिरलेली असतात, 'परस्परानुप्रवेशात्'. कारणात कार्य धरायचे की कार्यात कारण, हे सांगणाऱ्याला काय सांगायचे आहे त्यावर ठरते.

हे 'सगळेच बरोबर' असे गुळमुळीत उत्तर नाही, कारण पुढे प्रत्येक आकड्याचा झाडा दिलेला आहे. अठ्ठावीस अशी: पुरुष, प्रकृती, महत्, अहंकार व पाच भूते ही नऊ, अकरा इंद्रिये, शब्दादी पाच, तीन गुण. यातून गुण प्रकृतीत मिसळा, पंचवीस उरली. जीव आणि ईश्वर वेगळे धरा, सव्वीस. सात म्हणजे पाच भूते, जीव आणि परमात्मा. चार म्हणजे तेज, आप, अन्न आणि आत्मा. सतरा म्हणजे भूते, विषय, इंद्रिये पाच-पाच, शिवाय मन आणि आत्मा. आत्म्यालाच मन म्हटले की सोळा. आणि एक बारकी गोष्ट: चालणे, बोलणे, उत्सर्ग, हस्तकौशल्य ही कर्मेंद्रियांची फळे आहेत, वेगळी तत्त्वे नव्हेत, असे भागवत स्पष्ट सांगते. ज्ञानेश्वरीने जी पाच मोजली तीच भागवताने सोडली. आकड्यातला फरक नेमक्या कोणत्या ओळीवर पडतो, हे इतक्या स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचित सापडेल.

पंचीकरणाबद्दल, म्हणजे पाच सूक्ष्म भूते एकमेकांत मिसळून स्थूल भूते होतात या वेदान्तातल्या मांडणीबद्दल, वेगळे लिहावे लागेल, कारण तिथे चूक गणितात होते. पाच वाट्या घ्या, प्रत्येकीत एकेका सूक्ष्म भूताचे आठ चमचे आहेत असे समजा. प्रत्येक वाटीतले चार चमचे जागेवर ठेवा. उरलेले चार, बाकीच्या चार वाट्यांत एकेक वाटा. आता प्रत्येक वाटीत स्वतःचे चार आणि इतरांचा एकेक, पुन्हा आठ. आधी चाळीस, नंतरही चाळीस. पंचदशीतला 'द्विधा विधाय चैकैकं' हा श्लोक एवढेच सांगतो: निम्मे स्वतःचे, आणि आठवा-आठवा हिस्सा इतर चौघांचा.

चूक अशी होते की 'पाच भूतांचे मिश्रण' ऐकून प्रत्येकाचा पाचवा हिस्सा धरला जातो. तसे केले तर पाचही वाट्या एकसारख्या होतील आणि हिला पृथ्वी व तिला जल म्हणायला आधारच राहणार नाही. निम्मे स्वतःचे राखण्याचे कारण हेच. ब्रह्मसूत्रातले 'वैशेष्यात्तु तद्वादस्तद्वादः' हे सूत्र त्याचे समर्थन आहे, ज्याचे प्रमाण अधिक त्याचे नाव. छांदोग्य उपनिषदात तीनच भूते येतात, म्हणून तिथे त्रिवृत्करण: निम्मे स्वतःचे, पाव-पाव इतर दोघांचे.

दुसरी चूक अधिक पसरलेली आहे. आकाशात शब्द, वायूत शब्द-स्पर्श, तेजात त्यात रूप, आपात रस, पृथ्वीत गंधासह पाचही, ही चढती भाजणी पंचीकरणामुळे आली असे सांगितले जाते. तसे असते तर पंचीकरणानंतर आकाशातही पाचही गुण दिसायला हवेत, कारण पृथ्वीचा चमचा तिथेही पडला आहे. भाजणी येते ती उत्पत्तीच्या क्रमामुळे: तैत्तिरीय उपनिषदात आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, पुढे अग्नी, आप, पृथ्वी. मुलाला बापाचे मिळते आणि स्वतःचे एक जास्त. वेदान्तसारात पंचीकरणानंतरही आकाशात शब्दच प्रकट होतो, असे म्हटले आहे.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, ही भाजणी मानतच नाहीत. त्यांच्याकडे शब्द फक्त आकाशाचा. पृथ्वीला रूप, रस, गंध, स्पर्श आहेत, शब्द नाही. माठात वाळा टाकला की पाण्याला सुवास येतो. त्यांच्या तर्कसंग्रह या ग्रंथाचा कर्ता म्हणेल, पाण्याला नाही. वास वाळ्याच्या पार्थिव कणांचा आहे, कारण 'गन्धवती पृथिवी' हे लक्षण आहे. तसेच ऊन पाण्यातला चटका पाण्याचा नाही, त्यात शिरलेल्या तेजाचा. पाण्याचा स्पर्श शीतच. आणि तूप पातळ होते तरी ते आप नव्हे, पृथ्वीच. त्याचा पातळपणा विस्तवामुळे आलेला, पाण्याचा मात्र जात्याच. यावरून दिसेल की ही भूते प्रयोगशाळेतल्या मूलद्रव्यांशी जुळवायची नाहीत. इंद्रियाला काय कळले, त्यावरून केलेली ही वर्गवारी आहे. पृथ्वी म्हणजे माती आणि आप म्हणजे एचटूओ असे समीकरण मांडले की तूप कुठे टाकायचे, हेच कळेनासे होते.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसाठी एक. चरकाच्या शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात पुरुष चोवीस तत्त्वांचा आहे: मन, दहा इंद्रिये, पाच अर्थ, आणि आठ धातूंची प्रकृती (आकाशादी पाच, बुद्धी, अव्यक्त, अहंकार). सांख्याचा पंचविसावा पुरुष इथे गळाला नाही. चक्रपाणींच्या टीकेप्रमाणे तोही अव्यक्त आहे, म्हणून 'अव्यक्त' या एकाच शब्दात प्रकृतीबरोबर धरला आहे. सुश्रुत मात्र पंचवीस वेगळी मोजतो. चरकाच्या यादीखाली 'आणि पंचविसावा पुरुष' असे लिहिले की तो दोनदा मोजला जातो.